तळ्याकाठी तीन दिवस

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सहलीचे बेत सुरू होतात, आणि सहल म्हटली की थंड हवेचे ठिकाण, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्यांना मात्र तेवढ्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यातला एखादा तलाव, पाचदहा मित्र, एक उत्साही शिक्षक आणि दोन तंबू एवढ्यावर तीन दिवसांचे उत्तम शिबिर होऊ शकते. आणि या शिबिरात एक प्रश्न सोडवायला घ्यावा. प्रश्न अगदी साधा आहे : उन्हाळ्यात तळ्याचे पाणी जाते कुठे?

मराठवाड्यात तळ्यांना तोटा नाही. पण त्यांतली बहुतेक सगळी माणसाने बांधलेली आहेत. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आहे. या कठीण खडकात पाणी मुरते ते फक्त भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या थरातून. म्हणून पावसाचे पाणी बांध घालून अडवण्याची विद्या इथे जुनी आहे. कंधारचा ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे हजार वर्षांहून जुना मानला जातो. मन्याड नदीवर लिंबोटी आणि बारूळ येथे धरणे आहेत. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण शेजारच्या बीड जिल्ह्यात धनेगावला आहे. यांखेरीज गावोगावचे पाझर तलाव निराळेच.

तळ कुठे ठोकावा, याचा विचार आधी करावा. जलाशयाच्या काठी राहायचे तर जलसंपदा विभागाची (पूर्वीच्या पाटबंधारे खात्याची) आणि गावाची परवानगी घ्यावी. भिंतीच्या खाली किंवा कालव्याच्या तोंडाशी तंबू ठोकू नये. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस विजांसह येतो, तेव्हा एकट्यादुकट्या झाडाखाली थांबणे धोक्याचे. आभाळ गडगडू लागताच पक्क्या इमारतीत जावे. पाण्यात पोहायला उतरू नये. वरून कोरडा दिसणारा गाळ आत मऊ असतो, पाय रुततो, आणि पाण्याखालचे खड्डे वरून दिसत नाहीत. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत. विंचवालाही सावली हवी असते.

आता पहिला प्रयोग. वाऱ्याच्या लाटा जिथे पोचत नाहीत अशी काठाची एक शांत जागा निवडा. पहिल्या दिवशी पहाटे, पाणी स्थिर असताना, पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोका. दुसऱ्या पहाटे पाणी जिथे असेल तिथे दुसरी, तिसऱ्या पहाटे तिसरी. खुंट्यांमधले अंतर पाहून तुम्ही चकित व्हाल. पण घाईने निष्कर्ष काढू नका. काठाचा उतार शंभराला एक असेल, तर पाणी केवळ १ सेंटीमीटर खाली गेले तरी काठ १ मीटर मागे सरतो. म्हणून उथळ पाण्यात एक काठी घट्ट रोवून तिला मोजपट्टी बांधा आणि पातळी खरोखर किती उतरली तेही टिपा.

दुसरा प्रयोग शिबिराच्या स्वयंपाकघरातून येतो. उभ्या कडांचे, सुमारे ४० सेंटीमीटर व्यासाचे एक पातेले घ्या. त्यात तळ्याचे पाणी भरून आत एक खूण करा. पातेले उघड्यावर ठेवून वर तारेची जाळी टाका, नाहीतर शेळ्या आणि चिमण्या तुमचा प्रयोग पिऊन टाकतील. चोवीस तासांनी पाणी खुणेखाली गेलेले दिसेल. ते मोजपात्राने पुन्हा खुणेपर्यंत भरा आणि किती मिलिलिटर लागले ते लिहा. या व्यासाच्या पातेल्यात १ मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १२६ मिलिलिटर. समजा, १८०० मिलिलिटर पाणी घालावे लागले, तर सुमारे १४ मिलिमीटर पाण्याची वाफ झाली. मराठवाड्याच्या मे महिन्यात असे उत्तर आले तर नवल नाही. एक नोंद सूर्यास्ताला आणि एक सूर्योदयाला घेतली, तर रात्रीही पाणी उडते हे कळेल.

हवामान खातेही हेच करते. त्याचे बाष्पीभवनपात्र सुमारे १२२ सेंटीमीटर व्यासाचे आणि २५ सेंटीमीटर खोल असते. धातूचे पात्र आणि त्यातले थोडेसे पाणी तळ्यापेक्षा लवकर तापते, म्हणून पात्रातल्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणून तळ्याचे बाष्पीभवन काढतात. तुमचे पातेले त्याहून लहान, त्यामुळे उत्तर ढोबळच येईल. पण १४ ला ०.७ ने गुणले की सुमारे १० मिलिमीटर मिळतात. आता काठीवरची नोंद पाहा. तळे एका दिवसात २५ मिलिमीटर उतरले असेल, तर त्यातले १० सूर्याने आणि वाऱ्याने नेले. उरलेले १५ कालवा, पंप आणि पाझर यांच्या वाट्याला गेले. एका पातेल्याने तुम्ही अख्ख्या तळ्याचा जमाखर्च मांडलात!

पाणी न उकळताच वाफ कशी होते? पाण्याचे काही रेणू इतरांपेक्षा अधिक वेगवान असतात. ते पृष्ठभागावरून निसटून हवेत जातात आणि जाताना उष्णता घेऊन जातात. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला मात्र ७० कॅलरी पुरतात. माठातले पाणी गार होते ते याच अप्रकट उष्णतेमुळे. कोरडी हवा आणि वारा असला की हे काम झपाट्याने चालते.

ही युक्ती काठावरची टिटवीही वापरते. ऐन उन्हाळ्यात ती उघड्या माळावर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. अंडी तापू लागली की ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. टिटवीने चार अंडी घातली की चांगला पाऊस पडतो, असे खेड्यात म्हणतात. घरटे दुरून पाहा आणि अंडी मोजा. पण टिटवी एरवीही बहुधा चारच अंडी घालते, हे ध्यानात ठेवा.

आता गणिताकडे वळू. १० मिलिमीटर ही बोटाच्या पेराएवढीही उंची नाही. पण १ हेक्टर पृष्ठभागावरून १० मिलिमीटर पाणी उडाले, तर ते होते १ लाख लिटर. १ चौरस किलोमीटरवरून उडाले, तर १ कोटी लिटर. आता २०१६ साल आठवा. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पाऊस कमी झाला, मांजरा धरणातले वापरण्याजोगे पाणी संपले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतरावरून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. म्हणजे एक चौरस किलोमीटरचे तळे मे महिन्यातल्या एका दिवसात अशा चार गाड्यांएवढे पाणी आकाशात पाठवते!

दुष्काळ केवळ बाष्पीभवनाने पडत नाही. पाऊस किती पडला आणि पाणी कोणत्या पिकाला दिले, हेही प्रश्न आहेतच. पण बाष्पीभवनाचा हिशेब केल्यावाचून पाण्याचे नियोजन पुरे होत नाही. दिवसाला सरासरी ८ मिलिमीटर धरले, तरी फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत जवळजवळ १ मीटर पाणी उडते. उभ्या काठांचे २ मीटर खोल तळे त्यात निम्मे रिकामे होईल. ८ मीटर खोल तळे फक्त एक अष्टमांश. पाणी उडते ते पृष्ठभागावरून, म्हणून तेवढेच पाणी उथळ पसरण्यापेक्षा खोल साठवलेले बरे. गाळ काढण्याचे महत्त्व यातच आहे. विहिरीचे पाणी उपसून उघड्या शेततळ्यात भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपणच उन्हात ठेवतो. उलट पाझर तलावातून मुरलेल्या पाण्यापर्यंत ऊन पोचत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात २०१२ साली कालव्यावर सौर तावदाने बसवून सावली आणि वीज दोन्ही मिळवण्याचा प्रयोग झाला. पाण्यावर विशिष्ट रसायनाचा अतिशय पातळ थर पसरण्याचे प्रयोगही झाले, पण वाऱ्याने तो थर फाटतो.

संध्याकाळची नोंद झाली की वर पाहा. मे महिन्यात उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की स्वाती आणि तिच्यापुढे चित्रा सापडते. रात्र चढेल तसा आग्नेयेला वृश्चिक वर येतो.

तिसऱ्या दिवशी तळ उठवताना काठावरच्या गाळपेर जमिनीत काय पिकवतात तेही विचारून घ्या, कारण तळ्याने सोडलेली ही ओल कुणाच्या तरी कामी येत असते. शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नोंदींची वही शाळेत जपून ठेवावी आणि पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच तारखांना पुढच्या वर्गाचे शिबिर न्यावे. एका वर्षाच्या तीन नोंदी थोड्या वाटतील; दहा वर्षांच्या तीस नोंदी झाल्या की गावाच्या पाण्याबद्दल बोलताना त्या गावालाही उपयोगी पडतील.