तळ्याकाठचे बारा महिने

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना तळ्यांचा प्रदेश म्हणावयास हरकत नाही. जुन्या काळी येथील कोहळी शेतकऱ्यांनी उताराच्या तोंडाशी मातीचे बांध घालून हजारो तळी निर्माण केली. पुढे ती मालगुजारांच्या ताब्यात आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक सरकारी नावाचे लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत रूप करून टाकले. ही तळी बांधली गेली ती धानाच्या शेतीसाठी. परंतु कमळे, मासे, बेडूक आणि पाणपक्षी यांनीही ती आपलीच मानली आहेत.

वन्यजीवांची छायाचित्रे घ्यावयाची तर दूरच्या अरण्यात गेले पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. अरण्यात जाणारा प्रवासी मात्र एक-दोन दिवसच तेथे राहतो. गावाच्या शिवेवरील तळ्यावर जो बारा महिने जातो, त्याच्या पदरात पडणारी चित्रे निराळीच असतात.

एक उदाहरण पाहा. पौष महिन्यात कमळाच्या पानांवरून एक पक्षी चालताना दिसतो. पाठ फिकट तपकिरी, पोट पांढरे, गळ्याशी काळसर पट्टा. शेपटी तर अगदीच आखूड. पायांची बोटे फार लांब असल्यामुळे त्याचे वजन पानावर पसरते व पान बुडत नाही. त्याच तळ्यावर श्रावणात जावे, तर त्याच पानांवर एक राजबिंडा पक्षी डौलाने फिरत असतो. अंग गर्द तपकिरी, तोंड व पंख शुभ्र, मानेमागे सोनेरी झळाळी आणि विळ्यासारखी वाकलेली लांब शेपटी! दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली, तर हे दोन वेगळे पक्षी आहेत, अशी कोणीही पैज मारील. वस्तुतः तो एकच आहे. लांब शेपटीचा कमळपक्षी तो हाच. विणीच्या दिवसांपुरता हा पोशाख तो अंगावर घेतो आणि हिवाळ्यापूर्वी उतरवून ठेवतो. गायबगळा आणि ढोकरी यांचेही असेच आहे. पांढऱ्या गायबगळ्याच्या डोक्यामानेवर पावसाळ्यात केशरी रंग चढतो. एरवी मातकट दिसणाऱ्या ढोकरीची पाठ लालसर तांबूस होते.

पावसाळ्यात तळे भरते, पाने पसरतात, किड्यांची रेलचेल होते. म्हणून कमळपक्ष्याची वीण याच दिवसांत होते. त्याच्या संसाराची रीत मोठी नवलाची आहे. मादी आकाराने मोठी असते. ती पाणवनस्पतींच्या तरंगत्या ढिगावर बहुधा चार अंडी घालते आणि निघून जाते. ती उबविणे व पिल्ले सांभाळणे हे काम नराचे. पाणी चढू लागले, तर चोचीने ओढीत, ढकलीत तो अंडी दुसऱ्या जागी नेतो.

असा नर घरट्यावर बसलेला दिसला, की छायाचित्र घेणाऱ्याचा हात शिवशिवू लागतो. आणखी दहा पावले पुढे गेलो तर चित्र किती सुरेख येईल, असे त्याला वाटते. याच दहा पावलांत सारा घात असतो. माणूस जवळ आला म्हणजे नर उठतो. अंडी उघडी पडतात; वरून ऊन तापत असते आणि काठावरच्या झाडावर कावळा टपलेला असतो. छायाचित्र घेणारा आनंदाने घरी जातो. मागे काय झाले, हे त्याला कळतही नाही. टिबुकली नावाचा लहानसा पाणपक्षी तर घरटे सोडताना अंड्यांवर ओले शेवाळ घाईघाईने ओढून घेतो. ती घाई आपल्यामुळे झालेली असू शकते, हे पाहणाऱ्याने ओळखावे. पक्षी आपले काम थांबवून आपल्याकडे पाहू लागला, की आपण फार जवळ गेलो असे समजावे आणि आल्या वाटेने हळूच मागे सरावे.

दिसू न देता पाहावे कसे, हा प्रश्न काही आजचा नाही. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या इंग्रज बंधूंनी पक्ष्यांच्या घरट्यांवरील छायाचित्रांचे पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढविले आणि कॅमेरा घेऊन त्या बैलाच्या पोटात शिरण्याची युक्ती काढली. पक्षी चरत्या बैलाला भीत नाहीत, हे त्यांनी हेरले होते. एकदा आत ओणवा उभा असलेल्या रिचर्डला घेरी आली आणि बैलासह तो कोलमडला. चेरीने त्या उलथलेल्या बैलाचेही छायाचित्र घेऊन ठेवले!

मामा तलावावर बैलाचे सोंग घेण्याची गरज नाही. बांधालगत बेशरमाची झुडपे माजलेली असतात; त्यांच्या आडोशाला मळकट कपडे घालून अर्धा तास निमूट बसले, तरी पुरे. सूर्य पाठीशी असावा आणि कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ धरावा. उभे राहून घेतलेल्या चित्रात पक्ष्याची पाठ तेवढी दिसते. खाली बसले, की त्याच्या डोळ्याला डोळा भिडतो. बांधावरची माती निसरडी असते, म्हणून लहानांनी वडीलधाऱ्या माणसाबरोबरच जावे. महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही. दुर्बिणीच्या भिंगाशी मोबाइल धरूनही बऱ्यापैकी चित्र मिळते.

हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, तलवार बदके येतात. पण ती बहुधा तळ्याच्या मध्यभागी बसतात आणि चित्रात नुसते ठिपके उमटतात. हौशी लोक अशी चित्रे पुसून टाकतात. तसे करू नये. ठिपके मोजता येतात, आणि तारखेसह ठेवलेले ते चित्र पुढील वर्षीच्या चित्राशी ताडून पाहता येते. वैशाखात पाणी आटून डबके उरते. तेव्हा त्याभोवती बगळे, शेकाटे यांची दाटी होते आणि चित्रे घेणे सर्वांत सोपे जाते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला, की मोठ्या बेडकांचे नर पिवळेजर्द होऊन गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवीत ओरडू लागतात. हा रंग थोडेच दिवस टिकतो. तो गाठावयाचा तर तळे जवळच असावे लागते.

गोंदियाकडे तळ्यांच्या व धानाच्या बांध्यांच्या आश्रयाने सारस राहतात. उंचीने माणसाएवढा होणारा हा पक्षी महाराष्ट्रात आता मोजकाच उरला आहे. त्याचे घरटे आढळल्यास जागा कोणाला सांगू नये. मोबाइलमध्ये छायाचित्राबरोबर ठिकाणाची नोंदही आपोआप होऊ शकते. चित्र कोणाकडे पाठविण्यापूर्वी ती काढून टाकावी.

शेवटी एक काम राहते, आणि ते तसे नीरसच आहे. बांधावरचा एक दगड ठरवून दर महिन्याला त्याच जागेवरून साऱ्या तळ्याचे एक चित्र घ्यावे. पाणी कोठवर आहे, कमळे किती पसरली, बेशरम किती पुढे सरकली, हे त्यात दिसते. शेजारी वहीत तारीख, वेळ आणि दिसलेले पक्षी लिहावेत. घरट्यावर नर होता म्हणून ज्या दिवशी चित्र घेतले नाही, त्या दिवसाची नोंदही वहीत असू द्यावी.