दूरध्वनी वाहिनीची तपासणी : राउटरच्या नोंदी काय सांगतात?

कार्यालयाचा दूरध्वनी खरखरतो, बोलणे मध्येच तुटते, आणि तक्रार केली असता सेवा पुरवठादार सांगतो की, दोष कार्यालयाच्या यंत्रात आहे. यंत्राची देखभाल करणारा नेमके उलट सांगतो. या वादात दिवस जातात आणि कामासाठी दूरध्वनी करणारा नागरिक ताटकळत राहतो. वस्तुतः दोष कोणाच्या हद्दीत आहे याचा पुरावा बहुधा कार्यालयातील राउटरमध्येच नोंदलेला असतो. तो वाचता आला पाहिजे.

एक वाहिनी, तीस संभाषणे

भारतातील मोठ्या कार्यालयांना मिळणारी अंकीय दूरध्वनी वाहिनी सामान्यतः ‘ई-वन’ प्रकारची असते. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडला जातो. म्हणून एका संभाषणास सेकंदाला ६४,००० बिट लागतात. असे ३२ कालखंड एकत्र गुंफले की वाहिनीचा वेग सेकंदाला २०,४८,००० बिट होतो. त्यांपैकी एक कालखंड जुळणीसाठी व एक संकेतांसाठी राखून ठेवलेला असतो. उरलेल्या ३० कालखंडांतून संभाषणे चालतात. साहजिकच वाहिनीत बिघाड झाल्यास त्याची झळ तीसही संभाषणांना पोहोचते.

नोंदींचे वाचन

सिस्को कंपनीच्या राउटरवर ‘शो कंट्रोलर्स ई-वन’ ही आज्ञा रोमन लिपीत दिली असता वाहिनीची स्थिती पडद्यावर उमटते. दर १५ मिनिटांचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो व गेल्या २४ तासांची बेरीजही दाखविली जाते. ही आज्ञा केवळ वाचनाची असल्याने तिच्यामुळे चालू संभाषणात व्यत्यय येत नाही.

‘स्लिप सेकंद’ वाढत असतील, तर दोन्ही टोकांच्या घड्याळांचा मेळ नाही असे समजावे. राउटरने घड्याळ वाहिनीकडूनच घ्यावे अशी मांडणी आहे की नाही, हे प्रथम पाहावे. ‘लाइन कोड’चे उल्लंघन वाढत असल्यास तार, जोड किंवा दोन टोकांच्या संकेतपद्धतीतील तफावत यांचा संशय घ्यावा. ‘रिमोट अलार्म’ येत असल्यास राउटरकडून जाणारा संकेत पलीकडे नीट पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. सलग १० सेकंद गंभीर दोषांचे गेले की तेथपासून वाहिनी ‘अनुपलब्ध’ धरली जाते.

हद्दीचा निर्णय

नोंदींवरून लक्षण कळते. दोषाचे स्थान शोधण्यासाठी वळण-चाचणी उपयोगी पडते. वाहिनीची तार काढून तिच्या जागी, जाणारा संकेत तसाच परत आणणारा वळण-प्लग राउटरला लावतात. या चाचणीपुरते घड्याळ राउटरचे स्वतःचे ठेवावे लागते. या स्थितीत दोष आढळला नाही, तर राउटर निर्दोष आहे व शोध तारेकडे आणि पुरवठादाराच्या वाहिनीकडे न्यावा. दोष कायम राहिल्यास बिघाड आपल्याच घरी आहे.

याहून काटेकोर चाचणी म्हणजे बिट-दोष मोजणी. पलीकडील टोकाने संकेत परत फिरवावयाचा आणि राउटरने ठराविक नमुन्याचे बिट पाठवून परतलेले बिट पडताळावयाचे, अशी तिची पद्धत आहे. पाच मिनिटांत सुमारे ६० कोटी बिट तपासले जातात. मात्र वळण-चाचणी व बिट-मोजणी चालू असताना वाहिनीवरील सर्व संभाषणे बंद पडतात. म्हणून या चाचण्या कार्यालयीन वेळेनंतर, पुरवठादारास पूर्वसूचना देऊन, प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडूनच कराव्यात.

तक्रार करताना ‘दूरध्वनी बिघडला’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. दोषांची संख्या, त्यांच्या वेळा आणि वळण-चाचणीचा निष्कर्ष अर्जास जोडल्यास दोषाची जबाबदारी टाळणे कोणासही कठीण जाईल. नोंदवहीतील अशा चार ओळींमुळे नागरिकाचा खोळंबा टळू शकतो.