दाणे अपुरे पडल्यास भुंगेऱ्याची मादी काय करते?

गोल छिद्रे पडलेले मूग वा चवळी मुलांच्या नेहमीच पाहण्यात येतात. ती छिद्रे म्हणजे भुंगेरे बाहेर पडण्याची दारे होत. आत शिरण्याचे दार मात्र सहसा दृष्टीस पडत नाही.

मादी खसखशीहूनही लहान असे अंडे दाण्याच्या टरफलावर चिकटविते. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते. तिला दुसऱ्या दाण्यावर जाता येत नाही. तिची वाढ व कोषावस्था त्या एकाच दाण्यात पार पडते. म्हणजे, आईने निवडलेला दाणा हाच तिचा जन्मभराचा शिधा. उष्ण हवेत सुमारे एका महिन्यात नवा भुंगेरा बाहेर पडतो. साठवणीत तो काही न खाताही एकदोन आठवडे जगतो.

दाणे विपुल असल्यास मादी, ज्यावर आधीच अंडे आहे असा दाणा शक्यतो टाळते आणि एकेका दाण्यावर एकेक अंडे घालते. दाणे थोडे असल्यास ती प्रथम हात आखडता घेते. अंडी पोटातच राखून वाट पाहते. अंडी न घालणारी मादी काही दिवस अधिक जगते. तरीही नवे दाणे न मिळाल्यास ती त्याच दाण्यांवर पुनःपुन्हा अंडी घालते. कधी कधी तर भांड्याच्या भिंतीवरही घालते. भिंतीवरच्या अळ्या अन्नावाचून मरतात. एकाच दाण्यात अनेक अळ्या शिरल्यास त्यांच्यात झगडा होतो, आणि मुगासारख्या लहान दाण्यातून बहुधा एखादाच भुंगेरा बाहेर पडतो. जपानमधील कीटकशास्त्रज्ञ उतिदा यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, दाणे तेवढेच ठेवून भुंगेरे वाढविले, तर दर मादीमागे होणारी संतती घटत जाते.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. दोन स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. एकीत न किडलेले २०० मूग व दुसरीत १० मूग घालावेत. प्रत्येकीत भुंगेऱ्यांची एकेक जोडी सोडून तोंडास पातळ फडके बांधावे. आठवड्याने भिंगातून अंडी मोजावीत. अळी आत शिरली की अंड्याचे कवच तिच्या भुशाने भरून पांढरे दिसते. त्यामुळे मोजणी सोपी जाते. दर दाण्यामागे किती अंडी, याचा तक्ता मुलांकडून करवून घ्यावा. महिन्याने छिद्रे मोजून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. शेवटी बाटल्यांत उकळते पाणी ओतून सर्व कीड नष्ट करावी.

ह्या पाठाचा घराशी निकटचा संबंध आहे. कणगीच्या तळाशी उरलेले मूठभर जुने दाणे क्षुल्लक वाटतात. परंतु तेवढ्यावरही भुंगेऱ्यांचा वंश टिकतो, आणि नवे कडधान्य पडताच राखून ठेवलेली अंडी त्यावर उतरतात. किडलेल्या बियाण्याची उगवणही घटते. म्हणून सुगीपूर्वी कणगी झाडून रिकामी करावी, धान्य कडक उन्हात वाळवावे आणि खाण्याच्या कडधान्यास थोडे गोडे तेल चोळावे. तेलाने अंडी गुदमरून मरतात. मुलांनी अंडी स्वतः मोजली असतील, तर हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.