शूर्पारकाचा शिलालेख आणि शाळेतील ध्वज

वसई-विरारकडील प्राथमिक वर्गांत राष्ट्रीय चिन्हांचा पाठ आला की मोर, वाघ, कमळ, वड ही नामावळी फळ्यावर लिहावी, चक्राचे 24 आरे, ध्वजाचे 3:2 हे प्रमाण आणि राष्ट्रगीताचे सुमारे 52 सेकंद मुलांकडून घोकून घ्यावेत, हा शिरस्ता फार जुना आहे. ही माहिती मुलांस असावयासच हवी; परंतु ज्या तालुक्यात अशोकाच्या आज्ञांचे दगड सापडले, तेथील मुलास सारनाथचा सिंहस्तंभ कोठल्याशा दूरच्या मुलखातील वस्तू वाटावा, ही मला शिक्षणाची फार मोठी हानी वाटते.

नालासोपारा हे नाव आज उपनगरी गाडीच्या गर्दीमुळे सर्वतोमुखी असले, तरी हेच प्राचीन शूर्पारक, अपरांताचे वैभवशाली बंदर होय. येथील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाने ओळखला जाणारा उंचवटा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणविला, तेव्हा आत बौद्ध स्तूप आणि त्याच्या गर्भात अवशेषांचा दगडी करंडक मिळाला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा ब्राह्मी लिपीतील एक खंड त्यांच्या हाती आला, आणि पुढे 1956 मध्ये भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा खंड सापडला. 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने ध्वजावर जे चक्र स्वीकारले आणि 26 जानेवारी 1950 पासून जी सिंहमुद्रा सरकारी दप्तरांवर उमटू लागली, ती दोन्ही ज्या राजाच्या स्तंभावरून घेतली, त्याचेच हे शब्द.

आणि ते शब्द काय सांगतात? अन्य ठिकाणच्या पाठांवरून पाहता, आठव्या लेखात शिकारीचे विहार सोडून राजाने धर्मयात्रा आरंभिल्याचे, वृद्धांस दान दिल्याचे व जनपदातील लोकांस भेटल्याचे वर्तमान आहे. नवव्याचा आशय तर ध्वजवंदनाच्या प्रत्येक तालमीपूर्वी शिक्षकाने स्वतः वाचावा असा आहे: आजारात, विवाहात, प्रवासास निघताना लोक नाना मंगलविधी करितात, ते करावेत, परंतु त्यांचे फळ अल्प, दासभृत्यांशी उचित वर्तन, गुरुजनांविषयी आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम हा विधी मात्र महाफलदायी. चिन्हाचा संस्कार विधीपाशी थांबू नये, ही ताकीद चक्राच्या मूळ धन्यानेच देऊन ठेविली आहे.

विधीमागे माणसे असतात, हेही मुलांना कळावे. पुस्तकाच्या आरंभी छापलेली प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या आंध्रातील खजिना-अधिकाऱ्याने 1962 मध्ये तेलुगूत लिहिली, हे किती वर्गांत सांगितले जाते? पालघरच्या कचेरीवर 14 ऑगस्ट 1942 रोजी मोर्चा गेला, गोळीबार झाला, आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी व सुकुर मोरे हे पाच जण धारातीर्थी पडले. ही नावे फळ्यावर मोराच्या आणि कमळाच्या आधी यावीत, असे माझे निःसंदिग्ध मत आहे. कारण चुरी, पागधरे, तिवारी ही आडनावे आजही याच जिल्ह्याच्या हजेरीपटावर आहेत.

त्या हजेरीपटावर कुपारी बोलणारे ख्रिस्ती, वाडवळ, कोळी, वारली आणि उत्तरेकडून आलेल्या कामकऱ्यांची मुले एकत्र नांदतात. अशा वर्गात देशभक्तीची परीक्षा आवाजाच्या उंचीवरून घेणे अन्यायाचे होय. केरळातील तीन मुले धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाता आदराने उभी राहत, म्हणून त्यांस शाळेतून काढण्यात आले, तेव्हा 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल शिक्षक-प्रशिक्षणात सविस्तर शिकवावा.

माझी दरखास्त साधी आहे. प्रजासत्ताकदिनाच्या आठवड्यात चौथीचा वर्ग आधी सोपाऱ्याच्या स्तूपाशी न्यावा आणि नंतर विरारहून चर्चगेटच्या गाडीने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. नववा शिलालेख तेथे आहे, आणि त्यावरील ब्राह्मी अक्षरे पाटीवर गिरवून घेण्यास एक तासही पुरेसा आहे.