नाव आपलं, कारखाना कुठला?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर इयरफोन, पॉवर बँक नाहीतर टीव्ही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. त्यानंतरचा प्रश्न अलीकडे बराच ऐकू येतो: "भाऊ, हाई आपलं शे ना?" दुकानदार कंपनीचं नाव सांगतो, ते देशी असतं, आणि व्यवहार होतो. पण नाव कुणाचं, वस्तू जोडली कुठे आणि आतले भाग आले कुठून, हे तीन निराळे प्रश्न आहेत. तिन्हींचं उत्तर एकच देश असणं इलेक्ट्रॉनिक्समध्ये दुर्मीळ.

गैरसमज: कंपनी भारतीय, म्हणजे वस्तू भारतातली

२०१४-१५ च्या सुमारास मायक्रोमॅक्स फोनच्या बाजारात सॅमसंगला टक्कर देत होती. अशा देशी नावाच्या बऱ्याचशा फोनची घडण चीनमधल्या कारखान्यांत व्हायची, नाव तेवढं इथलं. इयरफोन आणि स्मार्ट घड्याळांच्या देशी ब्रँडांनीही हाच रस्ता धरला. त्यांतल्या 'बोट'ने सुरुवातीची वर्षं चिनी कारखान्यांच्या मालावर काढली आणि २०२२ मध्ये डिक्सन या भारतीय उत्पादक कंपनीशी भागीदारी करून इथे माल बनवण्याकडे मोर्चा वळवला. म्हणून एकाच ब्रँडचं एक मॉडेल भारतातलं आणि दुसरं चीनमधलं निघू शकतं.

याच्या उलटही आहेच. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात एलजी, हायर आणि व्हर्लपूल यांचे कारखाने आहेत. एक कोरियन, एक चिनी, एक मूळची अमेरिकी. खान्देशातून आयटीआय करून निघालेली कितीतरी पोरं त्या पट्ट्यात कामाला आहेत. त्यांच्या हातून उतरलेला फ्रिज 'परदेशी' आणि शेन्झेनहून खोक्यात बंद होऊन आलेला इयरफोन 'स्वदेशी', हा हिशेब मला पटत नाही. अर्थात मालकी गौण आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजीच्या भारतीय कंपनीचे शेअर बाजारात आले. त्या विक्रीचा पैसा कोरियातल्या मूळ कंपनीला मिळाला, कारण विकले जात होते ते तिच्याच मालकीचे शेअर.

नावाने आणखीही चकवा बसतो. कोडॅक हे अमेरिकी नाव, थॉमसन फ्रेंच. पण या नावांचे टीव्ही भारतात बनवते आणि विकते ती नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स, नाव वापरायचा परवाना घेऊन. बीपीएलच्या नावात तर 'ब्रिटिश' शब्दच दडलेला आहे, आणि कंपनी १९६३ साली केरळात पालक्काडला सुरू झालेली, पक्की भारतीय.

गैरसमज: बारकोड ८९० ने सुरू झाला, की माल भारतीय

हा संदेश व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. ८९० चा अर्थ इतकाच, की तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला आहे. माल कुठे तयार झाला, याची त्यात नोंद नसते.

गैरसमज: बीआयएसचं चिन्ह आहे, म्हणजे इथलंच

जळगावकरांना हे सोन्यावरून चटकन कळेल. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, सोनं कोणत्या खाणीतलं ते सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचंही तसंच. २०१२ च्या आदेशाने त्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची होऊ लागली. त्यात मोबाइल, चार्जर, पॉवर बँक सगळं येतं. ही नोंदणी सुरक्षिततेची आहे आणि ती परदेशी कारखान्यालाही मिळते. फायदा असा, की ती विशिष्ट कारखान्याच्या नावावर असते. वस्तूवर किंवा खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक शोधा, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. बनावट चार्जर ओळखायलाही हेच उपयोगी.

'मेक इन इंडिया'चा सिंह तर २०१४ साली सुरू झालेल्या सरकारी मोहिमेचं बोधचिन्ह. प्रमाणपत्र म्हणून तो पाहूच नये.

खरी माहिती असते खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. 'मार्केटेड बाय'पुढे देशी कंपनीचा पत्ता असला, तर ती फक्त विकणारी. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'इम्पोर्टेड बाय' या ओळी वाचा. वेष्टनबंद आयात मालावर उत्पादनाचा देश छापणं वजनमापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांनाही तो दाखवावा लागतो.

गैरसमज: 'मेड इन इंडिया' म्हणजे आतून-बाहेरून भारतीय

जुलै २०२० मध्ये रंगीत टीव्हीच्या आयातीला परवाना लागू झाला, आणि तयार टीव्ही आणणं अवघड झालं. जोडणी इथे वाढली. पण टीव्हीच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पॅनलचा, आणि तो बहुतांशी बाहेरूनच येतो. यात फसवणूक नाही. आपल्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झालेली विप्रो १९८० च्या दशकात संगणकात उतरली, तेव्हा तिच्या पहिल्या यंत्रात इंटेलची ८०८६ चिप होती. त्या संगणकाला परदेशी म्हणायला अमळनेरात कुणी धजावलं नसतं!

मग रेषा कुठे ओढायची? सरकारने स्वतःच्या खरेदीपुरती ती ओढली आहे. २०१७ च्या आदेशाच्या आजच्या रूपात साधारणपणे किमान ५० टक्के स्थानिक मूल्य असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० टक्क्यांचा दुसऱ्या वर्गात. कंपनीचं नाव त्या मोजमापात येत नाही.

त्याहून कडक रेषा सौर पॅनलसाठी आहे, आणि तिचा संबंध खान्देशातल्या घराशी आणि शेताशी थेट येतो. घराच्या छतावरच्या पॅनलला 'पीएम सूर्यघर' योजनेतून ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, तेही 'डीसीआर' पॅनल असेल तरच. म्हणजे पॅनल इथे जोडलेलं पुरत नाही, आतला सेलही भारतात बनलेला हवा. कुसुम योजनेतल्या सौर पंपांनाही देशी सेल आणि देशी पॅनलची अट आहे. आयात सेल घालून भारतात जोडलेलं पॅनल स्वस्त पडतं, आणि 'इंडियन' म्हणून विकणारा खोटंही बोलत नसतो. पण त्यावर अनुदान मिळत नाही. तेव्हा कोटेशन घेताना 'डीसीआर' हा शब्द आणि पॅनलचं मॉडेल लेखी मागा, आणि बिलावर तेच उतरलंय का ते पैसे देण्याआधी पाहा.