लँडलाइन फायबरवर नेली आणि पहिल्याच वळिवात फोन मुका झाला



दुकानाचा महिन्याचा खर्च कमी करण्यावर मी व्हिडिओ केला होता, आठवतो ना? त्यात छातीठोकपणे सांगितलं होतं, जुनी तांब्याची लँडलाइन सोडा, फायबरचं कनेक्शन घ्या, इंटरनेटच्या पैशात फोनही येतो. सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. उरलेला अर्धा मला माझ्याच घरात कळला.

आमचं हार्डवेअरचं दुकान खाली आणि राहायला वर. एकाच लाइनवर दोन फोन, एक गल्ल्याशेजारी, एक आईबाबांच्या खोलीत. नंबर वडिलांच्या काळापासूनचा. बिलबुकावर, पाटीवर, आजूबाजूच्या गावांतल्या गवंड्यांच्या डायरीत तोच. बाबा म्हणत होते, "चाललंय ते चालू दे." मी बीबीए झालेला ना, मी त्यांना महिन्याची बचत कागदावर मांडून दाखवली!

पहिले तीन आठवडे झकास. आवाज स्वच्छ, पावसाळ्यात यायची ती खरखर गायब. मग मे महिन्यात वळीव आला आणि रात्री नऊला लाइट गेली. मी ट्रेनिंगसाठी बाहेरगावी. बाबांना डायबेटिस आहे, त्यांची शुगर एकदम खाली आली, घाम फुटला. आईने सवयीने फोन उचलला, तर टोनच नाही. मोबाइल खाली दुकानात चार्जिंगला. अंधारात जिना उतरून, शटर वर करून तिने शेजाऱ्यांना हाक मारली. साखरपाणी दिल्यावर बाबा सावरले. पण त्या जिन्यावर तिचा पाय घसरला असता तर? हे आजही डोक्यातून जात नाही.

आता असं का झालं ते बघा. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून येते. तिथे 48 व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, जोडीला जनरेटर. म्हणून गावभर अंधार असला तरी साधा वायरचा फोन वाजायचा. (रिंग वाजत असताना उघड्या तारेला हात लावलेल्यांना तो झटका आठवत असेल.) फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. त्यामुळे भिंतीवरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, तुमच्या घरातली वीज लागते. लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद.

ब्रिटनमध्येही हाच घोळ झालाय. तिथली जुनी लँडलाइन व्यवस्था जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचं ठरलंय. पण गळ्यात अलार्मचं बटण घालून एकटे राहणारे म्हातारे लोक त्याच लाइनवर अवलंबून. काही गंभीर प्रकार घडल्यावर 2023 च्या शेवटी सक्तीची बदली थांबवावी लागली. ज्यांना दुसरा आधार नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन कॉल करता आला पाहिजे, असं तिथल्या नियामकाचं सांगणं आहे. आमच्या घरी डबा बसवायला आलेला मुलगा एवढंच म्हणाला, "दादा, इन्व्हर्टर असेल ना?" इन्व्हर्टर होता. पण त्याची लाइन पंखे आणि ट्यूबलाइटला, डब्याच्या प्लगला नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिनी यूपीएस आणला. इथेही हिशोब करा. खोक्यावर 8,800 एमएएच लिहिलेलं असतं, पण ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं. म्हणजे साधारण 32 वॅट-अवर. डबा 10 वॅट खात असेल तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात अडीच धरा. आणि फोन कॉर्डलेस असेल तर त्याच्या स्टँडलाही वीज लागते, हे तर कुणीच सांगत नाही. मी माळ्यावरून जुना वायरचा फोन काढून लावला. एवढं करूनही गल्लीतल्या ऑपरेटरचा स्विच एखाद्या गच्चीवर विनाबॅटरीचा असेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवे लुकलुकत बसतो. कनेक्शन घेण्याआधी त्याला सरळ विचारा, "लाइट गेल्यावर तुमच्याकडचं किती वेळ चालतं?"

दुकानाचं नुकसान वेगळंच. आमच्या डब्याला फोनचं एकच पोर्ट आणि डबा वर. खालचा फोन मुकाच. पाच-सहा दिवस गवंडी फोन करत राहिले. दुपारी आई झोपलेली, उचलणार कोण? एकाने सिमेंट-सळईची ऑर्डर दुसरीकडे दिली आणि वर मलाच म्हणाला, "शेठ, दुकान बंद केलं वाटतं!" शेवटी वायरमनला बोलावून घरातली जुनी वायरिंग त्या पोर्टला जोडली. आधी बाहेरून येणारी जुनी लाइन पूर्ण तोडायला लावली. ते विसरू नका.

रिचार्जचंही तसंच. प्लॅनची तारीख चुकली की नेटबरोबर फोनही जातो. पूर्वी नेट गेलं तरी फोन होता, एकाची गैरसोय दुसऱ्यावर निभायची.

आणि नंबर. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, देशभर 2011 पासून. लँडलाइनला ती सोय नाही. कंपनी बदलली की नंबर गेला. मी त्याच कंपनीत राहिलो म्हणून आमचा वाचला, तेही अर्जावर 'जुनाच नंबर हवा' असं लिहून घेतलं म्हणून. जुनी लाइन सरेंडर करण्याआधी नव्या डब्यावर तोच नंबर वाजतोय का, हे स्वतः फोन लावून बघा.

मी परत तांब्यावर जाणार नाही. पण आता आईच्या उशाशी चार्ज केलेला साधा बटणांचा मोबाइल असतो, आणि 108, 112 आणि शेजाऱ्यांचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर आहे. यूपीएस कसा जोडायचा, पिन कशी तपासायची, ते शुक्रवारच्या व्हिडिओत दाखवतो. येताना तुमच्या डब्याच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघून या.