पेढी आणि पाटी, एकाच छताखाली

खाली दुकान आणि वर घर, ही जालन्याच्या जुन्या बाजारपेठेतील अनेक व्यापारी कुटुंबांची रीत. आमचेही तसेच. व्यापार बांधकामाच्या लोखंडाचा. मालाची खरेदी-विक्री यजमान आणि सासरे पाहतात, हिशेब, बिले आणि जीएसटीची विवरणपत्रे मी वरच्या खोलीत बसून करते. त्यामुळे ‘घरून काम’ हा शब्द २०२० साली सर्वांच्या तोंडी झाला, तेव्हा मला त्यात नवे काही वाटले नाही. नवे होते ते एवढेच की, त्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि त्याच खोलीत दोन विद्यार्थीही येऊन बसले. थोरला पुढे जूनमध्ये सातवीत गेला, धाकटी तिसरीत.

पहिले काही महिने मी स्वतःवर खूश होते. एका बाजूला संगणकावर नोंदी, दुसऱ्या बाजूला मुलांचे मोबाइलवरील तास. धाकटीचा गृहपाठ रोज पूर्ण होई आणि मी वहीच्या पानाचे छायाचित्र शाळेच्या गटावर टाकून देई. दिवाळीच्या सुमारास, विवरणपत्राच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, एका पुरवठादाराचे बिल जुळत नव्हते. मुलगी सारखी काहीतरी विचारत होती. तिला गुंतवावे म्हणून म्हणाले, “पुढचा धडा मोठ्याने वाच.” ती धडधड वाचू लागली. सहज मान वळवून पाहिले, तर पुस्तकाचे पान वेगळेच होते. तिने ऐकून पाठ केलेला जुना धडा ती म्हणत होती. समोरच्या पानावरील एक ओळ बोट ठेवून वाचायला सांगितली, तेव्हा तिसऱ्या शब्दाशी ती थांबली आणि तिचे डोळे भरून आले.

खतावणी जुळलेली होती, गल्ला मात्र रिकामा होता. आणि ती खतावणी मीच लिहीत होते. दिवसभर मी तिच्या शेजारी होते, पण एक तासही तिच्यासोबत नव्हते.

ही गत आमच्या एकट्या घरची नव्हती. ‘असर’ या ग्रामीण भारताच्या शैक्षणिक पाहणीत २०१८ मध्ये तिसरीतील २७.३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. खेड्यातील मुलांजवळ साधने नव्हती, हे कारण समजण्यासारखे आहे. आमच्या मुलीजवळ मात्र मोबाइल होता, वीज होती, स्वतंत्र खोली होती आणि आईसुद्धा होती.

त्या रात्री उपाय सुचला तो सासूबाईंकडे पाहून. त्या रोज सकाळी सामायिक करतात. ती ४८ मिनिटे, म्हणजे दोन घटका, त्यांना कोणी हाक मारत नाही. पाहुणा आला तरी थांबतो, फोन वाजला तरी दुसरे कोणी घेते. ४८ मिनिटांचा मान कसा राखावा, हे आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग तेवढाच मान लेकराच्या शिक्षणाला का मिळू नये?

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी ही गोष्ट घरात मांडली. दुकान उघडण्यापूर्वी ४८ मिनिटे आणि दुपारी बाजार शांत असताना ४८ मिनिटे माझा मोबाइल खाली गल्ल्यावर राहील. त्या वेळात कोणी बिल मागू नये, कोणी चहा मागू नये. यजमान प्रथम म्हणाले, “तू तर घरीच असतेस, मधूनमधून शिकवत जा ना.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, पण घरात बसून केलेल्या कामाला आपण काम मानत नाही, याची ती खूण होती. मी त्यांना महिन्याभराच्या नोंदींची संख्या दाखविली. सासऱ्यांनी वही पाहिली आणि निर्णय दिला, “हिशेब हा पेढीचा कणा आहे. सूनबाई सांगते तसे करा.”

या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा होता. त्या दोन सत्रांबाहेर मी शिकविण्याचे सोंग करणार नव्हते. मी कामाला बसले की धाकटीने चित्रे काढावीत, खेळावे, कंटाळावे. मान हलवून खोटे “हं, हं” म्हणणे मी बंद केले. सकाळच्या सत्रात केवळ वाचन: आधी जोडाक्षरे, मग दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्राचे मथळे. दुपारी लेखन आणि दोन्ही मुलांच्या शंका. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली होती. घरातल्याच वस्तूंतून शिकविण्याची तिची रीत आम्हाला फार उपयोगी पडली.

गणित मात्र सासऱ्यांनी आपल्याकडे घेतले. त्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी अजून पाठ आहेत. थोरल्याला त्यांनी खाली नेऊन सळईचे वजन काढायला शिकविले: जाडीच्या मिलिमीटरचा वर्ग करावा आणि त्याला १६२ ने भागावे, की एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो, १२ मीटर लांबीची पूर्ण सळई सुमारे १०.६७ किलोची. मग काट्यावर ठेवून पडताळा. काट्यावरचा आकडा थोडा वेगळा निघाला, की सासरे विचारीत, “फरक का पडला?” वर्ग, दशांश आणि शेकडेवारी त्या एका प्रश्नातून उलगडत गेली.

व्यवहारातून गणित शिकविण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला; त्यात व्याज, सोन्याचा कस आणि खरेदी-विक्री यांची उदाहरणे आहेत. आपला मराठवाडाही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता.

आज काही कुटुंबे टाळेबंदी नसतानाही मुलांना घरी शिकविण्याचा विचार करतात. अशांनी मार्ग नीट जाणून घ्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क आहे, हे आधी ध्यानी ठेवावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातही पाचवी व आठवीची सोय आहे. दहावीला १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्या परीक्षेस बसता येते. नियम व वयाच्या अटी प्रत्यक्ष चौकशी करूनच पाऊल उचलावे.

परंतु एक प्रश्न प्रत्येक घराने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा. मूल घरी शिकणार, की घरी राहणार? मुलगा घरी राहिला तर हळूहळू गल्ल्यावर बसतो. मुलगी राहिली तर स्वयंपाकघरात. दोन्ही कामे सन्मानाची आहेत, पण ती शिक्षणाच्या जागी येऊ नयेत. आमच्याकडेही एकदा दुपारच्या सत्रात पाहुणे आले आणि धाकटीला पाण्याचे पेले देऊन पाठविण्यात आले. त्या दिवशी सासूबाईच उठल्या आणि म्हणाल्या, “तिची ४८ मिनिटे पुरी होऊ द्या.”

ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरातील आठवीपासूनचे वर्ग उघडले आणि थोरला शाळेत गेला. धाकटीच्या वर्गाला डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. शाळेत जाण्याचा तिला केवढा आनंद झाला! घरात कितीही शिकविले तरी बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण आई होऊ शकत नाही, हेही मला त्या दिवशी उमगले.

शाळा सुरू झाली, तरी सकाळचे एक सत्र आम्ही मोडलेले नाही. आता त्या वेळी धाकटी दादींना वर्तमानपत्र वाचून दाखविते. दादींना दिसते कमी, पण लक्ष पुरे असते. एखादा शब्द गाळला, तर त्या लगेच म्हणतात, “बेटा, मागे जा. काहीतरी राहिले.” आणि ती मागे जाऊन, बोट ठेवून, तो शब्द वाचते.